कावळा, फांदी आणि डावा हात

रंजिता मेस्त्रीचा डावा हात वर गेला तेव्हा मी फळ्याकडे तोंड करून जांभई देत होतो.

"काय गं?"

"सर, तुमचा चुकला."

"फळ्यावर?"

"नाय, बोलण्यात. तुम्ही म्हटलात, गेल्या वर्षीच्या सातवीनं रोज पाढे म्हटले म्हणून ती सगळी पास झाली. तेच्या आदल्या सातवीनं पाढे म्हटलेच नव्हते. ती पण सगळी पास झाली. आमचो दादा होतो तेच्यात. तेका अजून सातचो पाढो येत नाय."

मागून सगळी सातवी एका सुरात ओरडली, "कावळा-फांदी!"

मी खडू खाली ठेवला आणि चूक कबूल केली. वर्गाचा नियमच तसा होता, आणि दुर्दैवाने तो मीच केला होता.

मी मूळचा कऱ्हाडकडचा. बदलीच्या फेऱ्यात सापडून तळकोकणातल्या खोलवण नावाच्या गावी येऊन पडलो होतो. शाळा सातवीपर्यंतची आणि मास्तर दोन. दुसरे म्हणजे मुख्याध्यापक. गावात काही निर्णय व्हायची वेळ आली की ते आजारी रजेवर जात आणि निर्णय झाला की बरे होऊन येत. हा निव्वळ योगायोगही असू शकेल, पण माझा त्यावर विश्वास नाही.

त्या वर्षी वरून एक उपक्रम आला. त्याचं नाव 'तर्कशुद्ध विचार'. आठवड्याला एक तास. त्याचं प्रशिक्षण तालुक्याला होतं. ठरलेल्या दिवशी अमावास्या निघाली म्हणून ते पुढे ढकललं गेलं. पुढे ते झालं, चहा झाला, पुस्तिका मिळाली. तिच्यात माणसं विचार करताना कुठे कुठे घसरतात त्याची यादी होती आणि प्रत्येक घसरण्याला 'मिथ्याद्विपर्याय', 'पूर्वगृहीतगर्भ प्रश्न' अशी नावं होती. ती वाचताना मलाच धाप लागली. तेव्हा मुलांनी आणि मी मिळून आमची नावं पाडली.

एकामागून दुसरं घडलं, म्हणून पहिल्यामुळेच दुसरं घडलं असं म्हणणं, ते कावळा-फांदी. कावळा बसायला आणि फांदी मोडायला गाठ पडते आणि आळ कावळ्यावर येतो. चार वाटा असताना दोनच दाखवणं, ते आड-विहीर. मुद्द्याला उत्तर सुचलं नाही की समोरच्याच्या कुळावर जाणं, ते बापूस काढणं. आणखी एक प्रकार होता, तो समजावताना मी पुढच्या पट्टीवरच्या मंग्याला विचारलं, "काय रे, तू खोबरं चोरून खायचं सोडलंस का?"

मंग्या लालबुंद झाला. "सर, आईशप्पत..."

"शपथ नको. हो की नाही, एवढंच सांग."

'हो' म्हटलं तर आधी खात होता, 'नाही' म्हटलं तर अजून खातोय. मंग्याच्या तोंडाला फेस यायची वेळ आली, तेव्हा रंजिता म्हणाली, "सर, ह्यो प्रश्न गाभण आसा."

"काय आहे?"

"गाभण. वरसून एकच दिसता, पण पोटात दुसरो आसा. आधी पोटातलो भायर काढूक व्हयो, मगे उत्तर."

पुस्तिका लिहिणाऱ्यांना हे सुचलं नव्हतं. मी फळ्यावर 'गाभण प्रश्न' असं लिहिलं आणि मुलं पोट धरून हसली.

तर नियम असा, की उत्तर येत असेल तर उजवा हात वर करायचा आणि कोणी घसरलेला दिसला तर डावा. वर्गापुरता हा नियम ठीक होता. पण मुलं तो घरी घेऊन गेली. एक दिवस मंग्याची आई पदर खोचून शाळेच्या दारात उभी.

"मास्तरानू, ह्या झिलाक काय शिकवलात तुमी? सकाळी म्हटलंय, शाळेत जातंस काय पाठीर धपाटो खातंस? तर डावो हात वर करता! म्हणता आड-विहीर!"

"मग तुम्ही काय केलंत?"

"धपाटो घातलंय."

तर्काची मर्यादा मला त्या दिवशी पहिल्यांदा कळली.

रंजिताचं मात्र वेगळं होतं. तिला यात गंमत वाटत नसे. ती हात वर करायची ते भिंतीला पोपडा आलेला दिसला की माणूस नखाने काढतो तसं. राहवत नाही म्हणून. तिचा बाप बाबल मेस्त्री सुतारकाम करी. मुलगी हुशार आहे हे त्याला माहीत होतं आणि त्याने त्याची काळजीच वाढली होती.

"सर, मे महिन्यात मी मुंबैक जातलंय," तिने एकदा वह्या गोळा करताना सांगितलं. "मावशीची पोरां सांभाळूक."

"परत कधी येणार?"

"परतीचा कोण काय बोलूक नाय."

खोलवणातल्या मुलींचं हे ठरलेलं होतं. सातवी झाली की शाळा संपली. आठवीसाठी वहाळ, म्हणजे ओढा, ओलांडून पलीकडच्या गावी जावं लागे. पावसाळ्यात वहाळ जाऊ देत नसे आणि उरलेलं वर्ष आईबाप. एसटी होती, पण ती स्वतःच्या मर्जीने येई. मी बाबलशी बोलून पाहिलं.

"मास्तरानू, तुमचा सगळा खरा," तो रंधा मारता मारता म्हणाला. "गावात आठवी झाली तर मी तेका शिकयतलंय. वहाळापलीकडे पाठवचंय नाय. येकटा चेडू. जग काय आसा, ता तुमका म्हायत नाय?"

आणि खरंच, त्याच वर्षी आठवीच्या खोलीला मंजुरी आली. किती वर्षांच्या अर्जांना ते फळ आलं कोण जाणे; अर्ज करणारे दोन सरपंच तोवर वारले होते. अट एकच होती. मार्चअखेरपर्यंत पाया खणायचा, नाहीतर मंजुरी परत. जागा सरकारी होती, गावदेवी सातेरीच्या देवराईला लागून. देवराई म्हणजे देवीचं रान, तिथली काडीसुद्धा कोणी मोडत नाही. खोली रानाबाहेर होती. ओव्हरसियर आला, त्याने खुंटे मारले, दोरी बांधली, कोकम सरबत प्यायला आणि गेला.

मग गावात एकेक होऊ लागलं. आबा धुरींची म्हैस आटली. आबा म्हणजे देवीचे पहिले मानकरी. त्यांची म्हैस आटणं म्हणजे गावचीच आटल्यासारखं. मग मळभ येऊन आंब्याचा मोहोर करपला. शिवाय एसटी दोन दिवस आली नाही. ती त्याआधीच्या आठवड्यातही आली नव्हती, पण तेव्हा तिचा अर्थ कोणी लावला नव्हता.

आबांचं मन वळवायला मी त्यांच्या घरापुढच्या खळ्यात जाऊन बसलो. आबा सुपारी कातरत होते. माणूस वाईट नव्हता. शाळेच्या पंधरा ऑगस्टला दरवर्षी लाडू त्यांच्या घरून येत.

"आबा, म्हैस आटायला शंभर कारणं असतात," मी म्हणालो.

"आसतत ना. तेच्यातला एक गावला."

"कसं काय?"

"खुंटे मारले कधी? सोमवारी. म्हस आटली कधी? बुधवारी." त्यांनी अडकित्ता खाली ठेवला, जणू आता काही कातरायचं उरलं नव्हतं. "हेच्यात तुमका काय कळूक नाय, मास्तर?"

"सोमवारी मी दाढी केली होती आबा. म्हैस माझ्या दाढीने आटली म्हणाल का?"

"तुमी रोज दाढी करतास. खुंटे रोज मारीत नाय."

हे उत्तर चांगलं होतं, हे मला मान्य करावं लागलं. मग मी खताचं, चाऱ्याचं, म्हशीच्या वयाचं बोलू लागलो. आबांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "मास्तर, तुमच्या घरात म्हस आसा?"

"नाही."

"होती कधी?"

"नाही."

"मगे ऱ्हवांदे."

माझा बापूस काढून झाला होता, तोही सुपारी देऊन. मी उठलो तेव्हा आबा म्हणाले, "माजा वाकडा नाय हा मास्तर खोलीशी. आमच्याय नाती आसत. देवीक इचारूया. ती सांगात ता खरा."

खोलवणात देवीला विचारण्याची रीत आहे, तिला कौल लावणं म्हणतात. देवळाचा गुरव ओल्या पाकळ्या देवीच्या काळ्या पाषाणाला उजव्या-डाव्या अंगाला चिकटवतो. मग गाऱ्हाणं घालून प्रश्न विचारायचा आणि वाट बघायची. उजवी पाकळी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. त्यावर अपील नाही. या रीतीवर माझं काही म्हणणं नव्हतं. आमच्याकडे बदल्या याहून वाईट पद्धतीने होतात.

मुख्याध्यापक आदल्या दिवशीच रजेवर गेले. माघ संपत आला होता. सकाळची उन्हं अजून कोवळी होती तेव्हाच सगळं गाव देवळात जमलं. पुढे मानकरी, मागे बाकीचे, एका खांबाला टेकून बाबल मेस्त्री. आबांची म्हातारी आत्या गाभाऱ्याच्या उंबऱ्यालगत बसली होती. तिला सगळं गाव आत्येच म्हणे. तिच्या वयाचं दुसरं कोणी उरलं नव्हतं. देवळाच्या पायऱ्यांवर माझी सातवी. शाळेला सुट्टी दिली होती, आणि कौल झाल्यावर गूळखोबरं वाटतात हे मुलांना ठाऊक होतं.

मी मागच्या खांबापाशी उभा राहिलो. रात्रभर मुद्दे काढून ठेवले होते, पण पाकळीला मुद्दा कसा सांगतात हे पुस्तिकेत नव्हतं.

भिवा गुरवाने पाकळ्या पाण्यात बुडवल्या. म्हाताऱ्याच्या बोटांना कंप होता, पण पाषाणाला हात लागला की तो थांबे. पाकळ्या चिकटल्या. तो बाजूला सरला आणि आबांनी हात जोडून गाऱ्हाणं घातलं.

"बा आये सातेरी म्हाराजा..."

"व्हय म्हाराजा," गाव म्हणालं.

"आज तुझी सगळी लेकरां तुझ्या पायाकडे जमली आसत म्हाराजा..."

"व्हय म्हाराजा."

"तुझ्या रानाच्या कडेक शाळेचे खुंटे मारले, तेच्यान तुझो जो कोप झालो म्हाराजा, तो नुसते खुंटे उपाटल्यार शांत होतलो काय? तसा आसात तर उजवो कौल दी. आणि तेवढ्यान भागणा नसात, खुंटे उपाटून वर मोठी पूजाय घालूक व्हयी आसात, तर डावो दी म्हाराजा..."

"व्हय म्हाराजा!"

मी डोळे मिटले. उजवी पडली तर खुंटे जाणार, डावी पडली तर खुंटे जाऊन वर पूजा. आबांनी लबाडी केली होती असं मला वाटत नाही. त्यांच्या लेखी देवीचा कोप सूर्य उगवण्याइतका पक्का होता. आता विचारायचं ते एवढंच, की खर्च कितीचा. गाव श्वास रोखून पाकळ्यांकडे बघत होतं. माझ्या मनात उगाच कऱ्हाडचा एसटी स्टँड येऊन गेला.

आणि पायऱ्यांवरून कुजबूज आली. मी डोळे उघडले. सगळ्या डोक्यांच्या वर, देवीच्या अगदी समोर, एक डावा हात ताठ उभा होता.

"कोण गो ता?" आबा गरजले. "डावो हात खाली घाल! देवळात आसंस तू!"

बाबल खांब सोडून सरळ झाला. "रंजू! गे रंजू, बस खाली!"

हात खाली आला नाही. "उजवो हात उत्तराचो," रंजिता म्हणाली. "माका उत्तर येणा नाय. माका प्रश्नाचा बोलाचा आसा."

"प्रश्नाचा? देवीक घातलेल्या प्रश्नाचा?"

"देवी रागावली काय, ह्या तिका कोणी विचारूकच नाय, आबा. एकदम राग जातलो कसो, ह्याच विचारलास. ती रागावली नसात तर तिना काय करूचा? उजवी पाडल्यान तरी रागावलेली, डावी पाडल्यान तरी रागावलेली. गाभण प्रश्न आसा ह्यो."

देवळात एक विचित्र आवाज झाला. काहींनी हसू दाबलं होतं आणि काहींनी शिवी.

"रागवाक नाय तर म्हस आटली कशी?" आबा म्हणाले.

"कावळा-फांदी!" सातवी पायऱ्यांवरून ओरडली. सवयीने ओरडली. मग आपण कुठे बसलोय ते ध्यानात येऊन गप्प झाली.

"मास्तर!" आबांनी मला शोधून काढलं. "आयकतास मा? ह्याच शिकवतास पोरांक?"

मी रंजिताच्या शेजारी जाऊन उभा राहिलो. काय बोलणार होतो ते मला आजही माहीत नाही. पण त्याआधी भिवा गुरव बोलला. तो अजून पाषाणाकडेच बघत होता.

"आबानू, पाकळी पडाच्या आधी प्रश्न बदलूक येता. पडल्यार येणा नाय."

"म्हणजे? तू काय चेडवाचा आयकतलंस?"

"मी कोणाचा आयकणंय नाय. पण प्रश्न मी पोचवतंय. उद्या देवी म्हणाली, माका बोलाक जागाच ठेवलास नाय, तर ता पाप माज्या माथ्यार. तुमच्या न्हय." तो पाण्याच्या तांब्याकडे वळला. "आणि इचारूक काय जाता? रागावली आसात तर सांगात."

देवीला एक प्रश्न जास्त विचारू नका असं म्हणणारा मानकरी गावाने कधी पाहिला नव्हता. त्यांनी मान हलवली. भिवाने जुन्या पाकळ्या उतरवल्या, नव्या भिजवल्या, चिकटवल्या आणि त्याच्या बारीक आवाजात स्वतःच गाऱ्हाणं घातलं.

"आये, तुझो कोप झालो आसात तर उजवो दी. नाय झालो, तर डावो दी म्हाराजा."

"व्हय म्हाराजा." या वेळी गाव हळू म्हणालं.

आम्ही वाट बघू लागलो. समईची वात तडतडली. कोणाचं तरी तान्हं कुरकुरलं आणि पदराखाली गप्प झालं. मी पुरोगामी कुटुंबात वाढलेला, विज्ञानाचा पदवीधर माणूस, एका फुलाच्या पाकळीकडे असा बघत होतो की माझा पगार तिच्यावर अवलंबून आहे. रंजिताचा हात अजून वरच होता. तो खाली घ्यायचं ती विसरली असावी.

डावी पाकळी सुटली, पाषाणावरून घसरली आणि खाली पडली.

भिवाने पाकळी उचलून कपाळाला लावली. "कोप नाय," तो म्हणाला, आणि जमिनीवर बसला.

मला वाटलं झालं, सुटलो. खोलवणात माझं हेच चुकायचं. झालं असं मला फार लवकर वाटे. कारण तेवढ्यात गाभाऱ्याच्या उंबऱ्याकडून आत्येचा आवाज आला.

"अरे बघलास काय? चेडवान डावो हात वर केल्यान, आणि डावी पडली!"

गाव वळलं. रंजिताच्या हाताकडे बघू लागलं.

"साधा नाय ता," आत्ये म्हणाली. "आबांका आडवा जावचा म्हणजे साध्या चेडवाचा काम आसा? देवी इली तेच्या अंगात!"

पायऱ्यांवर मंग्याने तोंड उघडलं. "काव..." एवढं बाहेर पडलं, तोच मी त्याच्याकडे पाहिलं. मी तसा मारकुटा मास्तर नाही, पण त्या दिवशी माझ्या चेहऱ्यावर काहीतरी असलं पाहिजे. मंग्याने उरलेल्या शब्दाचा खोकला केला.

आबा उठले. सावकाश रंजितापाशी आले. इतका वेळ गरजणारा माणूस आता खालच्या आवाजात बोलत होता, आणि तेच जास्त भीतीदायक होतं.

"खरा सांग गो बाय. ह्या तुका देवीन सांगितल्यान, काय मास्तरान शिकवल्यान?"

मी तिच्या शेजारीच उभा होतो. 'देवीने' म्हटलं तर खोटं. 'मास्तरने' म्हटलं तर कौल मास्तरचा, तो पुन्हा लावणार, खुंटे उपटणार आणि मे महिन्यात मुंबई. बाबल खांबापाशी हात जोडून उभा होता. कोणाला जोडले होते कोण जाणे. मी मनात म्हटलं, पोरी, देवी म्हण. तर्काचा मास्तर मी, आणि मनातल्या मनात एका मुलीला खोटं शिकवत होतो.

रंजिताने आबांकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मग ती म्हणाली,

"दोघांनीय नाय. दोनच वाटा कित्याक? माज्या डोक्यात इला."

आबांच्या भुवया वर गेल्या. मला वाटलं, संपलं. खरं बोलली, आणि खरं बोलल्यावर जे होतं ते आता होणार.

"मगे?" आत्ये खेकसली. "देवी आणि खय येतली? डोक्यातच येता ती! पायात येता काय?"

आणि सगळ्या गावाची मान हलली. एवढं उघड होतं ते. आपल्याला आधी कसं सुचलं नाही, असं प्रत्येकाच्या तोंडावर दिसत होतं. आबांनी क्षणभर विचार केला आणि त्यांचेही हात जोडले गेले. माझ्या सातवीतल्या मुलीसमोर, जिला आदल्या दिवशी मी फळा पुसायला लावलं होतं.

"मगे बाय," ते म्हणाले, "खोली होवंदे?"

तिच्या खांद्याची हालचाल माझ्या ओळखीची होती. वर्षभर मी ती पाहत आलो होतो. म्हशीला खुंट्यांनी आटवलं नाही तसं पाकळीला हातानेही पाडलं नाही, हे तिला दिसलं होतं. आणि दिसल्यावर तिला राहवत नसे. डावा हात पुन्हा वर निघाला.

मी तो मनगटापाशी धरला आणि खाली केला.

"खोली होऊ दे," मी म्हणालो. "ती दमलीय."

देवळाबाहेर गूळखोबरं वाटलं. आत्येने रंजिताच्या ओटीत नारळ घातला आणि तिच्या पायाला हात लावायला गेली, तेव्हा रंजिता चार पावलं मागे पळाली. तेही देवीचंच लक्षण ठरलं.

ह्याला आता पुष्कळ वर्षं झाली. मार्चअखेर खोली पायापर्यंत आली, आणि पुढे आबांनी स्वतःच्या बागेतले वासे दिले. बाबलने दारं-खिडक्या केल्या. मुंबईचं नाव पुन्हा निघालं नाही; जिच्या अंगात सातेरी येते तिला मावशीची पोरं सांभाळायला कोण पाठवणार? मी तिथे असेपर्यंत बायका तिच्याकडे हरवलेली कोंबडी नाहीतर चुकलेली गाय विचारायला येत. ती त्यांना विचारी, शेवटची कोणी बघितली, कुठे, तेव्हा दार उघडं होतं का. बहुतेक वेळा जनावर सापडे. ती दर वेळी सांगे की हा साधा विचार आहे, कोणालाही जमेल. बायका दर वेळी कौतुकाने हसत आणि नमस्कार करत.

त्या दिवशी सगळे पांगल्यावर आम्ही दोघं शाळेकडे उतरत होतो. तिच्या हातात नारळ होता. वाटेत खुंटे लागले, तशीच दोरी बांधलेले. तिथे ती थांबली.

"सर, मी खरा तेच सांगितला होता."

"हो."

"आत्ये बोलली ती कावळा-फांदी होती."

"होती."

"मी हात वर करत होतंय, तो तुम्ही खाली केलात."

"केला."

तिने नारळ या हातातून त्या हातात घेतला. वर्षभर तिने माझ्या चुका काढल्या होत्या. आता ती माझ्याकडून काहीतरी बरोबर येईल म्हणून थांबली होती.

"मगे सर, सगळ्यांनी चुकीचाच मानल्यानी, तर बरोबर कसा झाला?"

मी खुंट्यांकडे पाहिलं. चार खुंटे, एक सुतळी आणि मध्ये उगवलेलं गवत. अजून तिथे काहीच नव्हतं.

"ते आठवीला आहे," मी म्हणालो.